झोप मोडून चरबी झडत नाही

गणपतीला पुतण्या गोव्याहून आमच्या गावी जोयड्याला आला तेव्हा त्याचे गाल बसलेले होते. "बरं नाही का रे?" मी विचारलं. तो खुशीत म्हणाला, "काका, दोन महिन्यांत तीन किलो उतरवले!" हॉटेलातली ड्युटी रात्री बाराला सुटते आणि पहाटे पाचला हा जिममध्ये हजर. मधे उरते जेमतेम साडेचार तासांची झोप. तिथल्या शिकवणाऱ्याने त्याच्या डोक्यात भरवलं होतं की झोपलेल्या अंगावर चरबी चढते आणि जागं अंग ती जाळतं.

हे खोटं आहे आणि अंगाचं नुकसान करणारं आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. पण आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

जागेपणी शरीर जास्त इंधन खर्चतं, हे खरं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत काही तरुणांना पाच दिवस रात्री पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचा रोजचा उष्मांकांचा खर्च सुमारे पाच टक्क्यांनी वाढला. मात्र खाणं त्याहून जास्त वाढलं, तेही रात्रीच्या जेवणानंतरचं, आणि पाच दिवसांत सरासरी पाऊण किलोच्या वर वजन चढलं.

हे समजायला परदेशातली प्रयोगशाळा लागत नाही. एक रात्र जागलीला जावं. आमच्याकडे भात भरायला लागलं की रानडुकरं उतरतात. कोन, करांदे अशा कंदांच्या वेलींच्या मांडवाखाली साळिंदर उकरून जातो. मग माळ्यावर बसायचं, खाली शेकोटी, हातात दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला शेतात टांगलेला पत्र्याचा डबा. दर थोड्या वेळाने दोरी ओढायची आणि हाळी द्यायची. मी बसलो आहे. तीनच्या सुमाराला पोटात जी खा-खा सुटते ती खऱ्या भुकेची नसते. रात्री पोटभर भात जेवलेला माणूस पिशवीतला फरसाण चाचपतो. उजाडल्यावर टपरीवर दोन कप गोड चहा आणि बिस्किटांचा अख्खा पुडा जातो. भाकरी-भाजीकडे हात वळत नाही. शिकागो विद्यापीठात 2004 साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपायला दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात भूक चेतवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं आणि ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची.

तरी पुतण्याचं वजन उतरलंच ना? उतरलं. पण काय उतरलं, ते वजनकाटा सांगत नाही. त्याच विद्यापीठातला 2010 चा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दहा वजनदार स्त्री-पुरुषांना मोजकं खाणं दिलं. चौदा दिवस अंथरुणात साडेआठ तास आणि दुसऱ्या फेरीत त्याच माणसांना साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन घटलं साधारण तीनच किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. बाकीचं चरबीखेरीजचं, म्हणजे ज्यात स्नायू येतात ते गेलं. उपाशी राहायचं आणि झोपही मोडायची, तर शरीर चरबी राखतं आणि मांस मोडून खातं. पुतण्याचे बसलेले गाल मला म्हणूनच आवडले नाहीत.

जागरणाच्या बाजूने दुसरा आधार चरकसंहितेचा देतात. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात मेद उतरवण्यासाठी जागरण सांगितलं आहे, हे खरंच आहे. पण ते क्रमाक्रमाने वाढवायला सांगितलं आहे आणि ज्याच्या मेदाची कारणंच अतिखाणं, हालचाल नसणं आणि दिवसाची झोप अशी आहेत, अशा रोग्याला. त्याच अध्यायात पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुबळेपणा झोपेवर अवलंबून असल्याचंही सांगितलं आहे. आठ तास उभ्याने ताटं वाहणाऱ्या पोराला त्यातली अर्धीच ओळ ऐकवणं हा चरकावर अन्याय आहे.

तिसरा मुद्दा घरातल्या म्हाताऱ्यांचा: आमचे आजे कुठे आठ तास झोपत होते? शिकलेले लोक याला हाड्झा आणि सान या शिकारी जमातींचा दाखला जोडतात. 2015 च्या अभ्यासात टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या अशा तीन समाजांची झोप 5.7 ते 7.1 तास भरली आणि ही माणसं सडपातळ आहेत. मात्र त्याच अभ्यासात त्यांचा डोळा लागल्यापासून उठेपर्यंतचा वेळ 6.9 ते 8.5 तास आहे, तो कोणी सांगत नाही. त्यांना गजर उठवत नव्हता. आमचे आजेही दिवेलागणीनंतर जेवून आडवे होत आणि दिवसभर डोंगर चढत-उतरत. त्यांचं पोट सपाट होतं ते त्या चालण्याने आणि नांगराने, जागण्याने नव्हे.

आता उलट्या टोकाचंही खंडन करायला हवं, कारण "नुसते झोपा, बारीक व्हा" असं सांगणारेही निघाले आहेत. झोप हे औषध नाही. बारा तास लोळल्याने कुणी बारीक होत नाही. आणि जो रात्रभर घोरतो, मधेच श्वास अडकून दचकतो, सकाळी उठूनही पेंगतो, त्याने तास मोजत न बसता डॉक्टर गाठावा. वाढलेलं वजन झोप नासवतं आणि नासलेली झोप वजन वाढवते, असं ते दुष्टचक्र आहे.

माझं म्हणणं एवढंच. वजन घटवणाऱ्याने खाणं आणि चालणं यांच्या जोडीला सात तासांची झोप धरावी. तिच्याशिवाय पहिल्या दोन्हींची मेहनत वाया जाते. 2022 मध्ये शिकागोतच साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ऐंशी जणांवर प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांना फक्त झोप वाढवायला शिकवलं, आहाराबद्दल चकार शब्द नाही. त्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि बाकीच्यांच्या तुलनेत खाणं रोज 270 उष्मांकांनी उतरलं. म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या जवळजवळ दोन भाकऱ्या, कुणी "कमी खा" न म्हणता.

पण झोप सगळ्यांच्या हातात नसते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून दोन विनंत्या. गावकऱ्यांनो, हंगामभर एकाच माणसाला माळ्यावर बसवू नका. वाड्याने पाळ्या लावा, आणि जागल करून आलेल्याला दुपारपर्यंत कुणी हाक मारू नका. आणि पोरांना पहाटे पाचला बोलावणाऱ्या शिकवणाऱ्यांनो, वजन विचारण्याआधी प्रत्येकाला एवढं विचारा: काल रात्री किती वाजता झोपलास?