चित्र किती बारीक हवे?

लोणी भापकरच्या पुष्करिणीजवळील यज्ञवराहाच्या अंगावर लहान लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांचे चित्रण फोर-केमध्येच करावे. एकेक मूर्ती पुढे मोठी करून पाहता येते.

घरच्या मंगलकार्याचा हिशेब निराळा. फुल एचडीत सुमारे २१ लाख बिंदू, फोर-केत ८३ लाख. तथापि ४३ इंची पडद्यापासून सहा फुटांपलीकडे बसले की निरोगी डोळ्यालाही हा भेद सहसा उमगत नाही, आणि आपल्या दिवाणखान्यांत बैठक त्याहून दूरच असते. साठवणीचा खर्च मात्र वाढतो. व्यापाऱ्यास हे सांगणे न लगे.

जुन्या कॅसेटींत आजीचा धूसर चेहरा चालतो, पण तिचे बोलणे बँडच्या गजरात बुडालेले असते. म्हणून वाचलेल्या पैशांतून वडीलधाऱ्यांजवळ चांगला मायक्रोफोन ठेवावा, आणि चित्रणाची दुसरी प्रत लेकीच्या घरी.