कॅमेरा हाती घेण्यापूर्वी

कोणतेही साधन मनुष्याच्या हाती येते तेव्हा त्याबरोबर एक जबाबदारीही येत असते. विळा हाती देताना घरातील वडीलधारी माणसे धार कशी राखावी आणि बोट कसे सांभाळावे हे दोन्ही सांगतात. टाक हाती देताना गुरुजी अक्षराचे वळण घालून देतात. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घराघरांत शिरलेला डिजिटल कॅमेरा मात्र अशी कोणतीही शिकवण बरोबर घेऊन आला नाही. कळ दाबली की चित्र निघते, एवढेच ज्ञान पुरेसे आहे असे आपण मानून चाललो. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे, एवढेच नव्हे तर हानिकारकही आहे. कॅमेऱ्याची निगा म्हणजे केवळ त्या पेटीची निगा नव्हे. यंत्र, आपला जीव, समोरचा माणूस आणि काढलेले चित्र ह्या चारांची काळजी जो घेतो, त्याच्याच हाती कॅमेरा शोभतो. आणि ह्या चारांत आज सर्वांत उपेक्षित जर काही असेल, तर ते चित्र होय.

ह्या साधनाचा जन्म फार जुना नाही. प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी जी सीसीडी नावाची चकती, तिची कल्पना १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्या दोघांनी मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, चित्रात अवघे १०,००० ठिपके असत आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज खिशात मावणारा कॅमेरा कोट्यवधी ठिपक्यांचे चित्र क्षणार्धात टिपतो. ही प्रगती थक्क करणारी आहे ह्यात शंका नाही. मात्र तिने एक गोष्ट आपल्यापासून हिरावून घेतली. फिल्मच्या एका गुंडाळीत १२ किंवा ३६ चित्रे मावत. म्हणून कळ दाबण्यापूर्वी मनुष्य विचार करी. आता चित्र फुकट झाले, आणि जे फुकट मिळते त्याची किंमत मनुष्य विसरतो, हा जगाचा नियमच आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे हवामान कॅमेऱ्याची सत्त्वपरीक्षा पाहणारे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांच्याही खाली उतरतो. पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि कापसाच्या हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंशांची मर्यादा दिलेली असते, हे ध्यानात घेता उन्हात उभ्या मोटारीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवणे किती अविचाराचे आहे ते निराळे सांगावयास नको. थंडीतून एकदम उबदार घरात आल्यावर तो लगेच पिशवीतून बाहेर काढू नये. काढल्यास भिंगावर व आतल्या भागांवर दंव धरते. पावसाळ्यात तो बंद कपाटात महिनोन्महिने पडू दिला तर भिंगावर बुरशी चढते आणि ती एकदा रुजली की भिंग पूर्ववत होणे कठीण असते. घट्ट झाकणाच्या डब्यात पाणी शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा, अधूनमधून बाहेर काढून वापरावा. एवढ्याने काम भागते.

भिंग पुसण्याची आपली रीत सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची! धुळीत वाळूचे कण असतात आणि ते घासले गेले म्हणजे काचेवर कायमचे ओरखडे उमटतात. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग मऊ कुंचला फिरवावा आणि तरीही डाग राहिला तरच भिंगासाठी मिळणाऱ्या मऊ कापडाने हलकेच पुसावे. कॅमेरा पाण्यात पडलाच तर घाईने तो चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. विजेरी व कार्ड काढून घ्यावे आणि तो जाणत्या कारागिराकडे न्यावा.

विजेरी, म्हणजे ज्याला सर्वत्र बॅटरी म्हणतात, ती बहुधा लिथियमची असते. तिच्यात साठलेली शक्ती मोठी असते, म्हणून तिच्याशी खेळ नसावा. फुगलेली, चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती चूल, ऊन व गादी-उशी ह्यांपासून दूर, डोळ्यांसमोर चार्ज करावी. रात्रभर लावून झोपी जाऊ नये. सुटी बॅटरी किल्ल्या व नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, कारण तिची टोके धातूने जोडली गेली तर ती तापून पेट घेऊ शकते. आणि ज्या मुलांना यंत्र उघडून पाहण्याची हौस असते त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. कुतूहल स्तुत्य आहे, पण फ्लॅश असलेला कॅमेरा कधीही उघडू नका. फ्लॅशसाठी आत जो धारित्र असतो त्यात सुमारे ३०० व्होल्टचा दाब साठतो आणि कॅमेरा बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो.

जिवाचा विषय निघालाच आहे तर तो पुढे नेणे प्राप्त आहे. नेरडिगोंडा मंडलातील कुंटाला धबधबा हे आपल्या जिल्ह्याचे भूषण होय. कडेम नदी तेथे सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळते आणि पावसाळ्यात हजारो लोक ते दृश्य पाहण्यास जातात. पण तेथील खडक शेवाळाने निसरडे झालेले असतात, डोह खोल असतात, आणि तेथे आजवर अनेकांनी प्राण गमावले आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ ते २०१७ ह्या काळात स्वतःचे चित्र काढताना, म्हणजेच सेल्फी घेताना, जगभरात २५९ माणसे मृत्युमुखी पडल्याचे वृत्तपत्रांतील बातम्यांवरून त्यांना आढळले. त्यांत सर्वाधिक मृत्यू भारतातील होते, बुडून मरणे हे पहिले कारण होते आणि मृतांत तरुणांचाच भरणा होता. हे आकडे वाचून मन विषण्ण होते. ज्या चित्रासाठी जीव गेला, ते चित्र पाहण्यास काढणारा उरला नाही, ह्याहून करुण गोष्ट कोणती? म्हणून नियम साधा असावा. आधी पाय स्थिर, मग डोळा भिंगाला. चालता चालता किंवा मागे सरता सरता चित्र काढू नये. पैनगंगेला पूर असता काठ सोडून पुढे जाऊ नये. रेल्वेच्या रुळांवर उभे राहू नये. ज्या कॅमेऱ्यात काचेच्या खिडकीतून थेट पाहावे लागते, त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंग सूर्यकिरण एकत्र करते आणि दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो.

आता समोरच्या माणसाविषयी. दिवाळीच्या दिवसांत दंडारीचा उत्सव येतो, मोरपिसांचे मुकुट घालून गोंड बांधव गुसाडी नाचतात. पुष्य अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे नागोबाची जत्रा भरते आणि तिच्यासाठी मेश्राम कुळातील लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी घेऊन येतात. ही दृश्ये नयनमनोहर आहेत आणि ती टिपण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण नाचणारा मनुष्य आपल्या करमणुकीसाठी नाचत नसतो. ती त्याची उपासना असते. एखादी नवी सून देवापुढे डोके टेकवीत असता तिच्या तोंडाशी कॅमेरा नेणे ही असभ्यता होय. आपल्या घरातील लग्नात परक्या माणसाने असे केले तर आपणांस कसे वाटेल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. "काका, फोटो काढू का?" एवढे विचारण्यास दोन क्षण लागतात, आणि "नको" असे उत्तर आले तर कॅमेरा खाली घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

हीच मर्यादा शाळेतही पाळावयास हवी. वर्गमैत्रिणीचे किंवा मित्राचे चित्र त्याच्या संमतीवाचून काढणे, त्याची थट्टा व्हावी म्हणून ते चारचौघांत फिरविणे, हा खेळ नव्हे, अन्याय होय. एखाद्याच्या खाजगी अवयवांचे चित्र संमतीवाचून काढणे वा पसरविणे हा तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची शिक्षा सांगितली आहे. शिवाय अनेक कॅमेरे व फोन चित्राबरोबर ते कोठे काढले त्या जागेचीही नोंद गुपचूप ठेवीत असतात. घरातील लहान मुलांची चित्रे अनोळखी लोकांपर्यंत पोहोचविण्यापूर्वी पालकांनी ह्याचा विचार अवश्य करावा.

शेवटी येतो तो चित्राचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे राहिले. त्यांनी गोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला, असंख्य छायाचित्रे काढली आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही हैदराबाद संस्थानच्या सेवेत असता येथील गोंडांत मिसळले आणि त्यांनीही त्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला. हायमेनडॉर्फ १९९५ साली निवर्तले. पण त्यांची छायाचित्रे लंडनच्या 'सोआस' ह्या संस्थेच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. ऐंशी वर्षांपूर्वीचा गोंड शेतकरी, त्याचे घर, त्याचा नाच आज आपण पाहू शकतो, ह्याचे श्रेय चित्र काढणाऱ्याला जितके, तितकेच ते नोंदीसह जपून ठेवणाऱ्यांना आहे.

आता आपल्याकडे पाहू. मार्लवाईचेच गुसाडी नर्तक कनकराजू ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली ते निधन पावले. त्यांचा नाच किती जणांनी कॅमेऱ्यात टिपला असेल! त्यांतील किती चित्रे ऐंशी वर्षांनी पाहावयास मिळतील? आपल्याच घरी दहा वर्षांपूर्वी काढलेली आजीची चित्रे आज कोठे आहेत, हे किती जणांना सांगता येईल? फोन बिघडला, कार्ड हरवले, संगणक मोडीत गेला आणि चित्रे गेली, ही कहाणी घरोघरी ऐकू येते. फिल्म पिवळी पडे, तरी काहीतरी उरे. डिजिटल चित्र मात्र जाते ते समूळ जाते. सर्वांत जास्त चित्रे काढणारी आपली पिढी पुढच्या पिढीच्या हाती सर्वांत कमी चित्रे ठेवून जाईल, अशी भीती आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, चित्रे आता कंपन्यांच्या दूरस्थ भांडारात आपोआप साठतात, मग काळजी कशाची? ही सोय चांगली आहे, ती वापरावी. पण केवळ तिच्यावर विसंबू नये. परवलीचा शब्द विसरला किंवा खाते बंद पडले की ते भांडार आपणांस परके होते. धान्य एकाच कणगीत ठेवू नये हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. चित्रांचेही तसेच आहे. कार्ड मोकळे करण्यापूर्वी चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांतील एक शक्य तर दुसऱ्या घरी असावी. कार्डावर नोंद चालू असल्याचा दिवा लुकलुकत असता ते ओढून काढू नये. चुकून चित्रे पुसली गेलीच तर त्या कार्डावर नवे चित्र काढू नये. जुनी चित्रे बहुधा तेथेच दडलेली असतात आणि जाणकाराला ती परत मिळविता येतात. कॅमेऱ्यातील दिनांक व वेळ बरोबर लावावी, कारण बॅटरी फार दिवस काढून ठेवल्यास घड्याळ चुकते आणि चित्रावर खोटी तारीख पडते. आणि निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत, मागे पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. नाव नसलेले चित्र तीस वर्षांनी अनोळखी माणसाचे चित्र होऊन बसते.

ह्यावरून आम्ही आपल्या सीमाभागातील मराठी शाळांपुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक शाळेत एक छायाचित्र-वही असावी. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील वृद्ध माणसे, जुने वाडे, विहिरी, बैलपोळा, दंडारी, कापसाची वेचणी ह्यांची चित्रे परवानगी घेऊन काढावीत. प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा. त्या क्रमांकापुढे वहीत कोण, कोठे, केव्हा आणि कोणी काढले हे लिहावे, आणि चित्रांच्या दोन प्रती शाळेत व ग्रामपंचायतीत ठेवाव्यात. ह्यास खर्च थोडा, श्रम मात्र नियमित लागतील. आदिलाबादची मराठी वस्ती १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होती, मग आंध्र प्रदेशात गेली, २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली तरी माणसे, बोली आणि सण येथेच राहिले. त्यांची नोंद दुसऱ्या कोणी येऊन करावी अशी वाट का पाहावी?

विद्यार्थिमित्रहो, कॅमेरा महाग असो वा स्वस्त, तुमचा असो वा थोरल्या भावाकडून मागून आणलेला असो, तो हाती घेताना एवढे स्मरणात ठेवा. यंत्र बिघडले तर नवे मिळेल. गेलेला जीव, दुखावलेला माणूस आणि हरवलेली आठवण ह्यांना दुकान नाही.