शिशुवर्गाची तपासणी आणि तपासनिसाचा कान

‘तपासणी’ हा शब्द कानी पडताच शाळेच्या भिंतींवरील जळमटे झाडली जातात, हजेरीपटातील खाडाखोड नीटनेटकी होते आणि एरवी कपाटात पडून राहिलेले तक्ते खिळ्यांवर चढतात. हा अनुभव शिक्षकांस नवा नाही आणि विद्यार्थ्यांसही नवा नाही. परंतु जेथे मुले अद्याप तीन-चार वर्षांचीच आहेत, जेथे परीक्षा नाही, गुणपत्रक नाही, तेथे तपासावयाचे तरी काय? आणि तो शिशुवर्ग मुलांना एक विशिष्ट भाषा लाभावी एवढ्याचसाठी चालविलेला असेल, तर ती भाषा तपासावयाची कशी? हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे अवचित उभा राहिला. त्यासंबंधी चार विचार येथे मांडावेत असे वाटते.

भोपाळातील काही मराठी कुटुंबांनी आपल्या लहानग्यांसाठी एक शिशुवर्ग चालविला आहे. भाड्याची एक खोली, पुढे लहानसे अंगण, एक ताई, एक मदतनीस मावशी आणि वीस-बावीस मुले, एवढाच त्याचा पसारा. संचालकांनी आम्हांस पाहणी करून अभिप्राय लिहिण्यास सांगितले. आम्ही गेलो. मुलांनी हात जोडून नमस्कार केला, तीन बडबडगीते एका सुरात म्हटली, फळांची व पक्ष्यांची नावे सांगितली. आम्ही संतुष्ट झालो. मागच्या रांगेतील एक मुलगी मात्र तोंडातून अक्षर काढीना. आम्ही नाव विचारले, रंग विचारला, चित्रातला पक्षी दाखविला. ती आमच्याकडे नुसती पाहत राहिली. अभिप्रायवहीत आम्ही लिहिले, ‘वर्ग उत्तम. एक मुलगी अबोल असून मागे आहे.’

वही मिटून आम्ही उठणार, तोच खाऊची सुट्टी झाली. अंगणातील तीनचाकी सायकलीवरून दोन मुलांचे भांडण जुंपले आणि ते आरंभापासून शेवटापर्यंत हिंदीत झाले. नुकतीच तीन मराठी गीते म्हटलेली हीच ती मुले! इकडे ती ‘अबोल’ मुलगी मावशीच्या मांडीला टेकून, हातवारे करीत काही सांगत होती. आम्ही मावशींस विचारले, ‘ही बोलते?’ त्या हसून म्हणाल्या, ‘चुप थोड़े ही है, दिन भर तो मुझसे बातें करती है।’ घराच्या गच्चीवर कबुतरीने दोन अंडी घातली होती, त्याची ती हकीगत होती. ती हिंदीत होती, पण तिच्यात सुरुवात होती, शेवट होता, कबुतरीविषयी काळजीही होती. जी मुले आम्हांस हुशार वाटली त्यांनी पाठ केलेले म्हणून दाखविले होते. जी मागे वाटली तिच्यापाशी स्वतःचे सांगण्यासारखे होते. आमची तपासणी नेमकी उलटी झाली होती.

ही चूक आमच्या हातून व्हावी याची आम्हांस अधिक लाज वाटली. कारण आमची घरची बोली कोकणी. शाळेत आम्ही प्रथम गेलो तेव्हा तहान लागली म्हणून बाईंना म्हणालो, ‘म्हाका उदक जाय.’ कोकणीत ‘जाय’ म्हणजे ‘पाहिजे’. मराठी कानांना ते ‘पाणी जाते’ असे काहीसे ऐकू आले असावे. सारा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि आम्ही तहानेलेलेच जागेवर बसलो. पुढे कित्येक दिवस आम्ही वर्गात तोंड उघडले नाही. आमच्याविषयीही कोणत्या तरी वहीत ‘अबोल’ असा शेरा पडला असेल. ज्याने हे सोसले, त्यानेच मोठेपणी दुसऱ्या मुलावर तोच शेरा मारावा, याला काय म्हणावे? तपासनिसाला डोळे पुष्कळ असतात. उणीव असते ती कानाची.

आता कोणी विचारील की, भोपाळात मराठी शिशुवर्गाची गरजच काय? थोडा इतिहास आठवावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि भोपाळ हे नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून जी कर्मचारी मंडळी येथे आली, त्यांत मराठी कुटुंबे बरीच होती. पुढे अवजड विद्युत् यंत्रांच्या कारखान्याने आणखी काही आणली. पहिल्या पिढीच्या घरात आजी होती, ओव्या होत्या, मराठी भांडणे होती. आज तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या घरात आईवडील दोघेही नोकरीस जातात, शेजार हिंदी, दूरदर्शनसंच हिंदी, शाळा इंग्रजी. मूल मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. २०११ च्या जनगणनेत या राज्यात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक होते; परंतु मातृभाषा म्हणून नोंदविलेली भाषा आणि मुलाच्या तोंडी असलेली भाषा या दोन गोष्टी एक नव्हेत.

ज्या दिवशी भोपाळ राजधानी झाले त्याच दिवशी राज्यघटनेची सातवी दुरुस्तीही अमलात आली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. तिने घटनेत ३५०-अ हा अनुच्छेद घातला. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. तरतूद थोर आहे. पण तिचा शब्द ‘प्राथमिक’ हा आहे. मूल प्राथमिक शाळेच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या खेळण्या-भांडण्याची भाषा ठरून गेलेली असते. त्या आधीची तीन वर्षे समाजाने स्वतः सांभाळावयाची असतात. म्हणूनच शिशुवर्ग.

आपल्यासारखीच अडचण दूरच्या एका लहान देशापुढे आली व त्याने तिला उत्तर शोधले, म्हणून त्याची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ब्रिटनच्या पश्चिम भागातील वेल्स देशाची स्वतःची वेल्श भाषा आहे. १९०१ साली तेथील जवळजवळ निम्मे लोक ती बोलत. २०२१ च्या गणनेत हे प्रमाण शेकडा १७.८ वर आले. ही घसरण थांबविण्यासाठी १९७१ साली तेथे वेल्श शिशुशाळांची एक चळवळ संघटित झाली. तिच्या वर्गांना ‘किल्ख मेइथ्रिन’, म्हणजे संगोपनाचे मंडळ, असे म्हणतात. दोन वर्षांपासून शाळेत जाईपर्यंतची मुले तेथे येतात. कित्येकांच्या घरी वेल्श मुळीच बोलली जात नाही. पण ताई मात्र वेल्शच बोलते. हात धुताना, खाऊ वाटताना, पडलेल्यास उचलताना तेच तेच शब्द रोज कानी पडून भाषा अंगवळणी पडते. याहून लहान बाळांसाठी आईबापांसह बसण्याचे वर्ग आहेत. त्यांचे नाव ‘ती आ व्ही’, म्हणजे ‘तू आणि मी’. भाषा शिकविण्याचे सारे शास्त्र या तीन शब्दांत सामावले आहे, असे आम्हांस वाटते.

तपासणीच्या दृष्टीने तर वेल्सचा इतिहास फारच बोलका आहे. १८४६ साली तेथील शिक्षणाची पाहणी करण्यास सरकारने तीन इंग्रज आयुक्त पाठविले. त्यांना वेल्श येत नव्हती. ज्यांना इंग्रजी धड कळत नव्हते अशा मुलांची परीक्षा या पाहुण्यांनी घेतली आणि दारिद्र्य, अज्ञान यांच्याबरोबर त्या मुलांच्या भाषेलाही दोष लावून तिला प्रगतीतील अडसर ठरविले. अहवालाची पुठ्ठ्याची निळी पुस्तके निघाली. वेल्श लोक आजही त्या प्रकाराचा उल्लेख ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ असा करतात. त्याच देशात आज ‘एस्टिन’ ही शिक्षणाची तपासणी करणारी संस्था आहे. २०१९ पासून ती, बालसंगोपनाची पाहणी करणाऱ्या दुसऱ्या संस्थेसह, शासकीय साहाय्याने तीन-चार वर्षांच्या मुलांना शिक्षण देणाऱ्या अशा वर्गांची एकत्र तपासणी करते. मूल आनंदी आहे काय, शिकते कसे, त्याची काळजी कशी घेतली जाते, शिकविणे व परिसर कसा आहे, कारभार कसा चालतो, हे पाहिले जाते. वेल्श वर्ग वेल्श जाणणाऱ्याने पाहावा ही तेथे आता रीत आहे. शेवटी बदल झाला तो तपासनिसाच्या कानात.

इतक्या दूर न जाताही हा धडा आपल्या घरी मिळतो. १९२० साली भावनगरास गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले; ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे केंद्र उघडले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी ‘मुले मागासलेली’ असा शेरा लिहिला नाही. त्या स्वतः पाड्यातील अंगणांत गेल्या. तेथली पाने, बिया, शंख-शिंपले, माती हेच शिकविण्याचे साहित्य झाले. अंगणवाडी या शब्दाचा व कल्पनेचा हा उगम आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर नेले. परंतु नावाबरोबर ती वृत्तीही गेली काय? वजन काट्यावर तोलता येते, उंची पट्टीने मोजता येते, आणि कुपोषणाशी झुंजणाऱ्या देशात ही मोजणी अत्यावश्यक आहे. मुलाचे बोलणे मात्र कोणत्याच काट्यावर चढत नाही. त्यासाठी अंगणात बसून ऐकावे लागते.

म्हणून तपासणीच नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाटीवर ‘मराठी’ आणि आत सर्व व्यवहार हिंदीत, असे वर्ग आम्ही पाहिले आहेत. पालकांच्या पैशाची व मुलांच्या वेळेची ती फसवणूक होय. तपासणी हवी, आणि कडक हवी. पण तिचे प्रश्न बदलले पाहिजेत. गीते किती पाठ आहेत हे विचारू नये. खेळताना मुले कोणत्या भाषेत भांडतात ते ऐकावे. तासाभरात ताई किती बोलली आणि मुले किती बोलली, हे ताडून पाहावे. ताईच बोलत असेल तर तो वर्ग मराठीचा असूनही मुलांचा नाही. जे मूल बोलत नाही, ते कोणाशी व कोणत्या भाषेत बोलते याचा शोध घेतल्याखेरीज त्याच्याविषयी एक अक्षरही लिहू नये. आणि दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या मुलास कोणी हसते काय, हे अवश्य पाहावे. जेथे हसतात तेथे भाषा रुजत नाही. तेथे भीती रुजते.

हा शेवटचा मुद्दा आम्हां मराठी अभिमान्यांस अधिक लागू आहे. भोपाळात मराठीस जागा मागणाऱ्याने आपल्या वर्गातील कोकणी, बुंदेली, गोंडी वा कोरकू घरातून आलेल्या मुलाच्या शब्दालाही जागा दिली पाहिजे. जो न्याय आपण मागतो, तो आपल्याहून लहानास देणे हीच त्या मागणीची खरी कसोटी.

‘मराठीत वेळ घालविल्याने मुले हिंदी-इंग्रजीत मागे पडतील’, अशी भीती काही पालक बोलून दाखवितात. त्यांनी आपल्या गल्लीकडे पाहावे. भोपाळात हिंदी मुलास हवेतून मिळते आणि इंग्रजी शाळेतून मिळणारच आहे. मराठी तेवढी अशी आहे की, आपण दिली नाही तर कोणीच देणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द खरे करणे मात्र आपल्या हाती आहे.

असो. दीड-दोन महिन्यांनी आम्ही त्या शिशुवर्गात पुन्हा गेलो. या वेळी काही विचारले नाही. अंगणाच्या पायरीवर नुसते बसून राहिलो. दरम्यान ताईंनी कबुतराची गोष्ट हाती घेतली होती. मुलगी हिंदीत सांगे, ताई तेच मराठीत म्हणत आणि पुढे काय झाले म्हणून विचारीत. तिच्या बोलण्यास त्यांनी नावे ठेवली नाहीत की तिचा एक शब्दही खोडला नाही. बऱ्याच वेळाने ती मुलगी आपण होऊन आमच्याजवळ आली आणि म्हणाली, ‘पिल्लू उडालं.’ आम्ही अभिप्रायवही मागविली, मागचा शेरा खोडला आणि त्याखाली तिचे ते दोन शब्द तारखेसह लिहिले.

आमच्या विद्यालयातील मोठ्या विद्यार्थ्यांस शेवटी एक विनंती आहे. लहान मूल भाषा घेते ती शिक्षकापेक्षा आपल्याहून थोड्या मोठ्या मुलाकडून. आठवड्यातून एक तास जवळच्या शिशुवर्गात जाऊन बसा. शिकवू नका. मराठीत एक गोष्ट सांगा, आणि मग त्या मुलाने सांगितलेली गोष्ट, ती कोणत्याही भाषेत असो, पुरती ऐकून घ्या.