शाळेचा निरोप

दहावीची परीक्षा जवळ आली कीं आमच्याकडे शाळाशाळांतून निरोपसमारंभ सुरू होतात. नववीचीं मुलें फळ्यावर रंगीत खडूंनीं नक्षी काढतात, दहावीचे मुलगे कडक इस्त्रीचे सदरे घालून व मुली आईच्या अगर काकूच्या साड्या नेसून येतात, भाषणें होतात, बटाटेवडा व पेढा होतो, आणि तीन वाजतां सुरू झालेला कार्यक्रम दिवेलागणीस आटोपतो. यंदां आमची नात या मांडवाखालून गेली. पालकांसही बोलावणें होतें; घरांतील कर्तीं माणसें कामावर असल्यामुळें तो मान आमच्याकडे आला. तेथें जें ऐकलें त्याविषयीं चार शब्द लिहावे असें तेव्हांपासून मनांत आहे.

गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्यास हिताच्या गोष्टी सांगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. समावर्तन हा सोळा संस्कारांपैकीं एक. आपण त्यास सोडमुंज म्हणतों, आणि पुष्कळ घरांत ती मुंजीबरोबरच किंवा लग्नाच्या तोंडावर उरकून घेतात, त्यामुळें तिचा मूळ अर्थ 'शिक्षण पुरें झालें, आतां घरीं जा' असा आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत, अकराव्या अनुवाकांत, त्या प्रसंगीं आचार्यानें करावयाचा उपदेश आहे. खरें बोलावें, धर्मानें वागावें, स्वाध्यायांत चुकारपणा करूं नये, आई, बाप, गुरु व अतिथि यांस देव मानावें, हा त्यांतील भाग कित्येक शाळांच्या भिंतींवर रंगविलेला असतो. पण त्याच्याच पुढें आचार्य एक गोष्ट बोलून जातात, ती भिंतीवर रंगविलेली आम्हीं कोठें पाहिली नाहीं. ते सांगतात कीं आमच्या आचरणांत जें चांगलें असेल तेवढेंच तूं घे, बाकीचें घेऊं नको. इतकीं वर्षें पायांशीं बसलेला शिष्य निघण्याच्या बेतांत उभा असतां, आपल्या वागण्यांत टाकून देण्यासारखेंही कांहीं आहे, हें गुरूनें आपल्या तोंडानें सांगावें! आणि पुढें कधीं काय करावें असा संशय पडला, तर विचारी व मनानें रूक्ष नसलेलीं माणसें अशा वेळीं कशीं वागतात तें पाहा, असें ते म्हणतात. मला येऊन विचार, असें म्हणत नाहींत.

आतां समारंभाकडे वळूं. प्रथम मुख्याध्यापक बोलले. आईवडिलांचें नांव काढा, मोबाइल दूर ठेवा, संगत सांभाळा, शाळेस विसरूं नका. यांतलें एकही वाक्य खोटें नव्हतें आणि एकही मुलांच्या कानापलीकडे गेलें नाहीं. आम्हीही अशा प्रसंगीं अशींच भाषणें केलेलीं आहेत, तेव्हां हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांच्यामागून गणिताच्या बाई उठल्या. हातांत कागद नव्हता.

"मी उपदेश करणार नाहीं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आठवींत असतांना एका मुलीची वही दुसरीच्या वहीसारखी निघाली, म्हणून मी तिला तासभर दाराबाहेर उभी केली. नक्कल तिनें केली नव्हती, हें मला चार दिवसांनीं कळलें. कळल्यावर मी तिच्याशीं गोड बोलूं लागलें, पण माझें चुकलें असें म्हटलें नाहीं. तें आज म्हणतें. ती कोण, तें तिला ठाऊक आहे."

एवढें बोलून बाई खालीं बसल्या. टाळ्या वाजवाव्या कीं नाहीं हें कोणास कळेना. मुख्याध्यापकांनीं घड्याळाकडे पाहिलें.

मग मुलांचीं मनोगतें झालीं. 'अनंत उपकार' व 'ऋणांत राहूं इच्छितों' हे शब्द एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात होते. कृतज्ञता अशी ठोक भावानें वांटली म्हणजे ती कोणाच्याच पदरांत पडत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. पण एस. टी. नें येणारा एक मुलगा उठला आणि त्यानें मावशींचे आभार मानले. या मावशी शाळेंत झाडलोट करतात, घंटा देतात, फाटक लावतात. पावसाळ्यांत घाटांतली गाडी उशिरां येई; तेव्हां फाटकास कडी न घालतां त्या तें नुसतें लोटून ठेवीत, आणि गाडींतलीं मुलें आंत आलीं म्हणजे कडी घालीत. "पांच वर्षांत माझी एकही हजेरी बुडाली नाहीं, ती मावशींमुळें," असें तो म्हणाला. मावशी तेव्हां पाहुण्यांच्या चहाचा ट्रे घेऊन दाराशीं उभ्या होत्या. त्या तशाच मागें वळल्या व कप विसळण्यास निघून गेल्या. त्यांत चहा भरलेला होता.

शेवटीं मुलांनीं शाळेस दोन पंखे व एक भिंतीवरचें घड्याळ अर्पण केलें. रीत चांगली आहे. त्या वर्गांत पंखा नव्हताच. कौत्साची कथा वाचकांस ठाऊक असेलच. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत वरतंतु मुनि त्यास सांगतात कीं तुझी सेवा हीच मला दक्षिणा. कौत्स हट्ट सोडीना, तेव्हां मुनींनीं रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि आणावयास सांगितलें. पुढें सुवर्णवृष्टि झाली, आणि देणारा रघु व घेणारा कौत्स या दोघांचीही निःस्पृहता आपण वाखाणतों. राग अनावर झाला तो एकट्या गुरूचा, हें कोणी बोलत नाहीं.

गुरूकडून शिष्यास मिळालेल्या भेटींचा विचार केला, तर आम्हांस कृष्णराव अर्जुन केळुसकर आठवतात. मुंबईंतले हे शिक्षक व ग्रंथकार. विद्यार्थी भीमराव आंबेडकर परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून त्यांच्या समाजानें सत्कार केला, त्या प्रसंगीं केळुसकरांनीं आपण लिहिलेलें बुद्धाचें चरित्र त्यांच्या हातीं ठेवलें. केळुसकर त्यांच्या शाळेंतले शिक्षकही नव्हते. पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति मिळावी म्हणून खटपट करणारेही तेच. बाबासाहेबांनीं 1956 सालीं आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठीं जो मजकूर लिहिला, त्यांत त्या पुस्तकाचा व तें देणाऱ्याचा नांवानिशीं उल्लेख आहे. आणि त्याच वर्षीं 14 ऑक्टोबरला नागपुरास त्यांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सत्कारसभेंतील भाषणें आज कोणास आठवत असतील?

ज्यांस निरोपच मिळाला नाहीं अशीं मुलेंही आहेत. 2021 सालीं महासाथीमुळें राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच रद्द झाली. आमच्या पुतण्याचा मुलगा त्या वर्षींचा. ना समारंभ, ना परीक्षा. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा खिडकींतून हातीं आला, आणि त्यांत 'वर्तणूक' या शब्दापुढें 'चांगली' असें होतें. "वर्षांतले बहुतेक दिवस मला कोणी पाहिलेंच नाहीं, मग हें कळलें कसें?" असें त्यानें विचारलें. आम्हीं हंसून वेळ मारून नेली. पण तो हंसला नाहीं.

समारंभाहून परततांना रिक्षांत नात गप्प होती. घरीं आल्यावर साडीच्या पिना काढीत असतां ती काकूस म्हणाली, "ती मुलगी मीच." अडीच वर्षें हें तिनें घरांत कोणासही सांगितलें नव्हतें. त्या सहामाहीस तिचे गणितांतले गुण घसरले होते, आणि प्रगतिपुस्तकावर सही करतांना आम्हीं, घरांतील वडील या नात्यानें, 'अभ्यासाकडे लक्ष नाहीं' असें सगळ्यांच्या देखत बोललों होतों. मुलीला एकदां विचारा तरी, असें काकू तेव्हां म्हणाली होती. आम्हीं विचारलें नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर ती बाईंना पत्र लिहावयास बसली व मायना काय घालूं म्हणून विचारण्यास आमच्याकडे आली. मायना सांगितला. मग ती जाऊं लागली तेव्हां तिला थांबवून, त्या दिवशींच्या बोलण्याबद्दल आमचें चुकलें, असें आम्हीं म्हटलें. "आजोबा, तें मी केव्हांच विसरलें," ती म्हणाली. तें खरें नव्हतें, हें तिच्या आवाजावरून कळत होतें. पण जातांना तिनें पत्राचा कागद आमच्यापुढें ठेवला, आणि शुद्धलेखन तपासून द्या, म्हणाली.