मुलाची पुडी अन् आपली अक्कल

दुसरा महिना लागला की अजूनही काही घरांत सुनेला गपचूप ‘मुलाची पुडी’ देतात. मंडळी, एकदा हिशेब समजून घ्या.

मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. आईकडे फक्त एक्स असतो. एक्स की वाय, हे बापाच्या शुक्राणूवर. पुडी येते तेव्हा निकाल कधीचा लागलेला असतो.

मग त्या दिवसांत पोटात काय चालतं? पेशींची कामाची वाटणी. पाचव्या दिवसाच्या सुमारास बाहेरच्या पेशी वारेसाठी, आतल्या बाळासाठी वेगळ्या होतात. तिसऱ्या आठवड्यात तीन थर पडतात : एकातून मेंदू अन् कातडी, दुसऱ्यातून हृदय अन् हाडं, तिसऱ्यातून आतडी अन् फुप्फुसांचं अस्तर. मेंदू अन् मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती २८ दिवसांत मिटते. इतका नाजूक काळ, अन् आपण तिच्या पोटात काय ढकलतो? आत काय आहे तेच ठाऊक नसलेली पुडी! तेव्हा, खरं तर त्याच्याही आधीपासून, तिला हवी फॉलिक ॲसिडची गोळी.

मुलगा झाला की गुण पुडीचा, मुलगी झाली की दोष सुनेचा. निम्म्या वेळा पुडीवाला जिंकणारच! अन् लिंगनिवडीची नुसती जाहिरात केली तरी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार कोण करतं?

२०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८५५. जिजाऊंच्या जिल्ह्यात!

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जरूर जा. पण आधी घरातली पुडी उकिरड्यावर फेका.