जावयाचा पगार कमी पडला तर?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न सहा महिन्यांपूर्वी झाले. जावई अमेरिकेचे नागरिक आहेत व तेथे एका दुकानात नोकरी करतात. मुलीला नेण्यासाठी त्यांनी अर्ज केला आहे, पण त्यांचे उत्पन्न नियमापेक्षा थोडे कमी आहे. आता व्याही म्हणतात, "तुम्ही जामीन राहा, नाही तर मुलाच्या खात्यात १० लाख रुपये भरा." मी नुकताच निवृत्त झालो आहे. काय करावे?
— एक पिता, बडोदा

उत्तर : आपली काळजी आम्ही समजू शकतो, पण घाईने चेक लिहू नका. आधी नियम पाहू.

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक पत्नीला कायमचे बोलावतो, तेव्हा त्याला 'आय-८६४' नावाचे हमीपत्र द्यावे लागते. त्याचे उत्पन्न तेथील सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावे लागते. पतिपत्नी अशा दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ साली हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. अलास्का व हवाईत तो जास्त असतो. आकडा दरवर्षी बदलतो आणि जावयांवर आणखी कोणी अवलंबून असेल तर वाढतो. त्यांचा पगार अलीकडे वाढला असेल तर मालकाचे पत्र व पगाराच्या पावत्या जरूर जोडाव्यात, कारण सध्याचे उत्पन्न महत्त्वाचे असते.

आपण जामीन राहू शकत नाही. सहजामीन अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक, १८ वर्षांवरील आणि तेथेच राहणारा असावा लागतो. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. मात्र स्वतःचे कुटुंब अधिक आपली मुलगी, एवढ्यांना पुरेल असे उत्पन्न त्याचे एकट्याचे हवे. जावई आईवडील किंवा भावासोबत एकाच घरात राहत असतील, तर त्यांच्या लेखी संमतीने त्यांचे उत्पन्नही मिळवता येते.

तिसरा मार्ग बचतीचा. नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत, उत्पन्नात जेवढी तूट असेल तिच्या तिप्पट बचत दाखवावी लागते. म्हणजे ४,००० डॉलर कमी पडत असतील तर १२,००० डॉलर. ही मालमत्ता वर्षभरात रोख करता येण्याजोगी असावी. आणि महत्त्वाचे म्हणजे, आपल्या मुलीच्या स्वतःच्या नावावरील ठेवही यात धरली जाते! तेव्हा पैसे जावयांच्या खात्यात भरण्याची काहीच गरज नाही. आपणास झेपत असेल आणि मनापासून द्यायचे असेल, तर मुलीच्या एकटीच्या नावे मुदत ठेव करा. ती तिचीच राहील. व्याह्यांनाही शांतपणे सांगा, की लग्नाच्या संबंधात लग्नानंतर केलेली पैशांची मागणीही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

आता एक गोष्ट, जी बहुतेक मुलींच्या आईवडिलांना ठाऊक नसते. हे हमीपत्र नुसता कागद नव्हे, तो करार आहे. मुलगी अमेरिकेची नागरिक होईपर्यंत, किंवा सुमारे १० वर्षांच्या नोकरीइतकी कामाची नोंद होईपर्यंत तो सामान्यतः टिकतो. ती कायमचे वास्तव्य सोडून परत आली, तर मात्र तो संपतो. घटस्फोटाने तो संपत नाही. पतीने वाऱ्यावर सोडले तर ती या कराराच्या आधारे तेथील न्यायालयात दाद मागू शकते. सहजामीनही तितकाच बांधलेला असतो. म्हणून एखाद्या भाच्याला किंवा स्नेह्याला सही मागण्यापूर्वी हे त्याला स्पष्ट सांगा.

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जाण्यापूर्वी मुलीने एवढे करावे : सही केलेल्या हमीपत्राची प्रत मागून घ्यावी, स्वतः वाचावी आणि आपल्या दागिन्यांइतकीच जपून ठेवावी.