मोगऱ्याला झोपू द्या

सलग दोन उन्हाळे आमच्या मोगऱ्याला एकही कळी आली नाही. पानं भरपूर, फांद्या कमरेएवढ्या, फूल मात्र नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात अंगणात फरशी घालायचा विषय निघाला. आमचं अंगण ते केवढं? न्हाणीघराची भिंत आणि फाटक यांच्यामध्ये दोन मोटरसायकली उभ्या राहतील इतकीच जागा, आणि त्यातली तीन फूट या मोगऱ्याने अडवलेली. थोरला म्हणाला, "फूल येत नाही, नुसती जागा जाते. काढून टाकू." मुलांच्या अब्बांनीही मान हलवली.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसून ऐकत होत्या. हा मोगरा त्यांनी गंगाखेडहून, माहेरच्या अंगणातून आणलेला. त्या एवढंच म्हणाल्या, "निकालना है तो निकालो, मेरेकू पूछो नक्को." आणि आत निघून गेल्या.

मी एका वर्षाची मुदत मागून घेतली. वर्गात मुलं नापास झाली की आधी आपलं शिकवणं तपासावं लागतं. इथे तर चूक कोणाची, याचा अंदाज मला होताच. गुडघे दुखायला लागल्यापासून अम्मींनी झाडांकडे बघणं सोडलं होतं आणि गेली तीन वर्षं ते काम माझ्याकडे होतं. म्हणजे झाड फुलायचं थांबलं ते माझ्याच हाती आल्यावर.

शोध घेतला तेव्हा तीन कारणं सापडली.

पहिलं ऊन. मोगऱ्याला दिवसातून पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. शेजारच्या भाभींच्या घरावर दुसरा मजला चढला आणि आमच्या कोपऱ्यात दुपारी जेमतेम तासभर ऊन उरलं. सावलीत मोगरा मरत नाही, पण नुसती पानं काढत राहतो.

दुसरं माझा लाड. रोज बादलीभर पाणी आणि महिन्याला मूठभर युरिया. युरियाने पानं वाढतात, फुलं नाहीत. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी लवकर झिरपत नाही, मुळं सतत ओली राहतात.

तिसरं पिवळेपणा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. परभणीच्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि बोअरचं पाणीही जड. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. झाड उपाशी नसतं, त्याच्यापुढचं ताट झाकलेलं असतं.

पाणी आणि खत सुधारता येतं, पण शेजारची भिंत मागे सरकवता येत नाही. म्हणजे झाड त्या कोपऱ्यात राहिलं तर फुलणारच नव्हतं. फरशीला विरोध करून मी झाड वाचवलं असतं, मोगरा नाही. हे अम्मींना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग दाब कलम कर. मीही ते तसंच आणलं होतं."

मृगाचा पाऊस पडल्यावर आम्ही तीन फांद्या दाबल्या. पद्धत अगदी सोपी आहे. जमिनीजवळची, वाकेल अशी फांदी निवडा. मधली पानं काढा. पेराच्या खाली, जमिनीकडच्या बाजूने सालीला छोटा तिरपा काप द्या. तेवढा भाग तीन-चार बोटं मातीत पुरून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर काडीला उभा बांधा. माती ओलसर ठेवा, चिखल नको. तीन महिन्यांत मुळं धरतात. मग आईपासूनची बाजू कापून रोप वेगळं करा. आमच्या तीनपैकी दोन फांद्यांनी मुळं धरली, एक कुजली.

ती रोपं चौदा इंची कुंड्यांत लावली. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या बुडाला भोक हवंच. कुंड्या जिन्याच्या पायरीजवळ ठेवल्या, तिथे सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन असतं. दिवाळीच्या सुट्टीत जुनं झाड निघालं आणि फरशी बसली. त्या दिवशी अम्मी दिवसभर आतल्या खोलीतच होत्या.

पिवळ्या पानांसाठी हिराकस वापरला. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचा आणि पिवळेपणा जाईपर्यंत महिन्यातून एकदा हे करायचं. नुसता मातीत टाकला तर चुनखडी त्यालाही अडकवते, म्हणून पानांवरच. फरशीवर आणि कपड्यांवर त्याचे गंजासारखे डाग पडतात, तेवढं सांभाळा.

पाण्यासाठी वजूची बादली ठेवली आहे. नळाखाली बादली ठेवून वजू केला की घरच्या पाच-सहा माणसांचं पाणी दोन कुंड्यांना पुरून उरतं. त्यात साबण नसतो, म्हणून झाडाला चालतं. मात्र फिल्टरच्या नळीतून बाहेर जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर सगळ्यात उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी अम्मींना कधी विचारलीच नव्हती. डिसेंबरमध्ये मी पाणी घालत होते, तेव्हा त्या बाजेवरून म्हणाल्या, "अब पानी नक्को देव, सोने देव उसकू." मोगऱ्याला थंडीत विश्रांती लागते. मोगऱ्याची शेती करणारेही हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी करतात. पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगडकडचे आदिवासी शेतकरी मोगरा लावतात आणि त्यांच्या कळ्या मुंबईच्या दादर फुलबाजारात जातात.

कुंडीचं पाणी दहा-बारा दिवस तोडा. पानं मलूल व्हायला हवीत, फांद्या वाळायला नकोत. जानेवारीच्या सुरुवातीला वाळक्या, काटकुळ्या फांद्या मुळापासून काढा आणि बाकीच्या एक तृतीयांश छाटा. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून कात्रीला घाबरू नका. वरची माती हलकी मोकळी करून दोन ओंजळी शेणखत घाला आणि मग पोटभर पाणी द्या. साधारण दोन-अडीच महिन्यांत कळ्या दिसतात. कळ्या जांभळ्या पडून गळू लागल्या तर एखादी उघडून बघा, आत बारीक अळी असते. तशा कळ्या तोडून नष्ट करा आणि लिटरमागे पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण घालून फवारा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की रोज सकाळी पाणी हवंच, तेव्हा उपास नको.

नवं रोप विकत घेणार असाल तर फुललेलं बघूनच घ्या. गोल, भरगच्च पाकळ्यांचा बटमोगरा कुंडीत आटोपशीर राहतो. काही मोगरे वेलासारखे पसरतात, त्यांना लहान अंगणात जागा पुरत नाही. आणि पांढऱ्या, फुगलेल्या कळ्या असराच्या सुमाराला तोडा, रात्री घरात उमलतात. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि मोतियाचा अत्तर करतात. आपल्याला माठातल्या पाण्यात दोन फुलं टाकली तरी पुरे.

यंदा मार्चअखेरीस पहिल्या कळ्या आल्या. अम्मींना आता नीट दिसत नाही. मी कुंडी बाजेजवळ नेली. त्यांनी बोटांनी चाचपून अकरा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. माझ्या मुलाने त्यांचा हात धरून बारावी दाखवली, पानाआड राहिलेली. फरशीचा विषय त्या दिवसापासून कोणीच काढला नाही.

आता पुन्हा मृग आलं आहे. अम्मींनी या वर्षीही दोन फांद्या दाबायला सांगितल्या आहेत. एक भाभींना द्यायची आहे, ज्यांच्या भिंतीने आमचं ऊन अडवलं. "ऊन तो अब उनकेच छत पे है," म्हणाल्या.

तुमच्याकडे, नाहीतर शेजारी, जुना मोगरा असेल तर या पावसात एक फांदी दाबून बघा. लागेल काय, एक दगड आणि तीन महिन्यांचा धीर.